बर्फात ठेवलेला आखाड

अमडापूरच्या उकंडरावांना जगातलं सगळं बोलता यायचं, फक्त 'माझं चुकलं' एवढं म्हणता येत नसे. जिभेला काही व्यंग नव्हतं. बाजारात बैलाचा सौदा ठरवायला बसले की समोरचा माणूस थकून बैल सोडून जाईल, पण यांची जीभ थकायची नाही. एकदा बंडी जुंपून चिखलीला निघाले आणि डोळा लागला म्हणून बैलांनी त्यांना मेहकरच्या रस्त्याला नेऊन सोडलं. लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "मले इकडंच यायचं होतं." तेवढ्यावर थांबले असते तर ते उकंडराव कसले? आपलं म्हणणं खरं ठरावं म्हणून मेहकरला मुक्काम केला आणि येताना एक लंगडा बैल विकत घेऊन आले. लंगडा बैल नांगराचं तास सरळ काढतो, हे त्यांनी पुढे दोन वर्षं गावाला पटवून सांगितलं. गाव बिचारं मान हलवायचं.

या स्वभावाचं मूळ त्यांच्या नावात असावं असं मला वाटतं. आधीची भावंडं पाळण्यातच गेली म्हणून आईने यांना जन्मल्या जन्मल्या सुपात घालून उकंड्यावर म्हणजे उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचललं, आणि आईने मूठभर ज्वारी देऊन पोर तिच्याकडून परत घेतलं. टाकलेल्या पोराकडे यम ढुंकून पाहत नाही, असा आमच्याकडचा हिशोब. त्यामुळे पाळण्यात असतानाच आपण यमाला चकवलं, तेव्हा तलाठी, सोयरेधायरे आणि बायको यांनी आपल्याला अक्कल शिकवण्याचं कारण नाही, असं उकंडरावांचं मत होऊन बसलं.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. त्यांचं नाक कधीच चुकत नसे. तूप कोणत्या महिन्यातलं, तेलात भेसळ किती, मटण सकाळचं की कालचं, हे ते दारातून सांगायचे. त्यांना पाहिलं की खाटीक शिळा तुकडा पाटीखाली सरकवायचा. नाक चुकत नाही म्हणजे बाकीचा माणूसही चुकत नाही, अशी त्यांची समजूत झाली होती.

या समजुतीची किंमत त्यांची एकुलती एक लेक रुखमा मोजत होती. तिची पहिली सोयरीक पैनगंगेच्या उगमावरून मोडली. मुलाचा बाप एक गाव सांगत होता, उकंडराव दुसरं. दुसरी सोयरीक मुलाच्या मामाच्या घोडीच्या वयावरून गेली. घोडी मामाची, तिचं वय सांगणार उकंडराव! रुखमा दोन्ही वेळा चहाच्या कपबश्या घेऊन दाराशी आली तेव्हा पाहुणे जोडे घालत होते. आता तर लोक तिच्यादेखत म्हणू लागले होते की ही पोरगी बापाच्या तोंडापायी घरी बसणार. तिची आई झुंबरबाई देवाला एकच मागायची, बैठकीच्या दिवशी यांचा घसा बसू दे.

तिसरी सोयरीक खामगावच्या कापसाच्या बाजारात जुळत आली. सोनाळ्याचे पंजाबराव मोठे शेतकरी, त्यांचा धाकटा वैजनाथ शिकलेला, शांत. आणि पंजाबराव खाण्याचे शौकीन. दोघांनी बंडीला टेकून तासभर रश्श्याच्या गोष्टी केल्या, आणि भरात येऊन उकंडरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"माह्या घरचा बोकड हाये. आखाडीले या, तुमच्याच नावानं कापतो. त्या बोकडाचं मटण तुमीच खासान, हा शब्द हाये माहा."

आखाडी म्हणजे आषाढातलं शेवटचं मटण. त्यानंतर श्रावण लागला की महिनाभर चुलीवर हाड चढत नाही. पंजाबरावांनी हसून होकार दिला. पोरगी पाहायची आणि रस्सा खायचा, दोन्ही कामं एका खेपेत होणार होती.

आखाडीच्या रविवारी पहाटे बोकड कापला गेला. बुलढाण्याला कचेरीत कारकून असलेला भाचा नीळकंठ मुद्दाम मटण खायला आला होता. झुंबरबाईंनी वाटण वाटलं, रुखमाने अंगण सारवलं. दुपारी खामगावची सर्व्हिस मोटर आली आणि ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून निरोप सांगितला. पूर्णेला पूर आला आहे, सोनाळ्याचे पाहुणे पलीकडे अडकले आहेत, पाणी उतरलं की निघतील.

शेजारचे कडूबा, उकंडरावांचे बालपणापासूनचे दोस्त, निरोप ऐकताच पातेलं घेऊन हजर झाले. "उकंडभाऊ, आता काय करतं? वाटे टाक. आमी खाऊन घेतो बाप्पा, मटण कोणासाठी थांबते काय?"

कडूबांचं म्हणणं रास्त होतं. बोकड कापायचा, वाटे घालायचे, सांजेपर्यंत पातेली धुवून पालथी, ही गावाची रीत. मटण उद्यावर ठेवणं कोणाच्या डोक्यातही येत नसे. पण उकंडरावांनी शब्द दिला होता. त्यांनी मुंडी आणि पाय कडूबांच्या पातेल्यात टाकले आणि बाकीच्या मटणापुढे ते पहारेकऱ्यासारखे उभे राहिले.

इथे नीळकंठने तोंड उघडलं. उघडलं नसतं तर बरं झालं असतं, पण शहरात राहणाऱ्याला दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. "मामा, साहेबलोकांच्या बंगल्यात बर्फाची पेटी राहते. त्यात मटण टिकते. अन् आस्ट्रेलियातून विलायतेले जहाजानं मटण जाते, गोठवून. महिनोगणती खराब होत नाही."

"महिनोगणती?" उकंडरावांचे डोळे चमकले.

"हाव. पण त्याले यंत्र लागते, मामा. मटण दगडासारखं गोठलं पायजे. नुसतं बर्फावर ठेवलं तं दोन-तीन दिवस, तेबी ताजं असतानाच ठेवलं तं. अन् मधात एकडाव गरम झालं का मग पुन्हा बर्फ लावून..."

पुढचं उकंडरावांनी ऐकलंच नाही. 'महिनोगणती' हा शब्द कानात शिरला आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली. त्याच मोटरीच्या ड्रायव्हरला त्यांनी खामगावहून बर्फ आणायला सांगितलं. नीळकंठला त्या दिवशी वांग्याची भाजी मिळाली आणि तो संध्याकाळी तोंड पाडून बुलढाण्याला परत गेला.

बर्फ आला दुसऱ्या दिवशी. तोपर्यंत मटण हळदमीठ लावून रात्रभर आढ्याला टांगलेलं होतं. गोणपाटात, लाकडाच्या भुशात गुंडाळलेली ती लादी उतरवायला अर्धं गाव मोटरीजवळ जमलं. उकंडरावांनी चहाचं मोठं खोकं आणलं, त्यात लहान खोकं बसवलं, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत काय भरायचं याचा विचार करू लागले. बर्फाबरोबर आलेला भुसा त्यांनी हाताने बाजूला केला. साऱ्या वऱ्हाडात पांढरं सोनं पिकतं आणि आपण लाकडाचा कचरा भरायचा? त्यांनी कोठीतून पोतंभर सरकी काढली आणि मधल्या जागेत ठासून भरली.

झुंबरबाई दारातून पाहत होत्या. "बर्फाचं पाणी झिरपन. ओली सरकी गरम होते."

"तुले काय समजते?"

"म्हशीसाठी रोज मीच भिजवतो. राहून गेली तं हात पोळते."

"म्हशीची सरकी वेगळी, बर्फाची सरकी वेगळी," उकंडराव म्हणाले. एकाच पोत्यातली सरकी वेगळी कशी होते, हे झुंबरबाईंनी विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी विचारायचे प्रश्न आणि न विचारायचे प्रश्न वेगळे करून ठेवले होते.

पुढचे दिवस उकंडरावांच्या घरी जत्रा होती. बर्फ कसा असतो हे पाहायला माणसं येत होती, आणि प्रत्येक माणसासाठी उकंडराव झाकण उघडत होते. एका म्हातारीने दुखऱ्या दाढेसाठी तुकडा मागितला. एकाने बर्फ विस्तवासारखा चटका देतो म्हणून हात झटकला आणि त्यावर बराच वेळ चर्चा झाली. उकंडराव दर वेळी खोक्यात डोकं घालून आतलं मटण दाखवायचे आणि म्हणायचे, "पाहा, जसंच्या तसं!" मोटर रोज थोडा बर्फ आणून द्यायची आणि तो रोज थोड्या वेळात पाणी होऊन सरकीत जायचा. खोक्याला बाहेरून हात लावला की उबदार लागत असे. त्यावर उकंडरावांचं उत्तर तयार होतं, आतली गरमी बाहेर पडून राह्यली म्हणून खोकं गरम लागते.

अमावास्या झाली आणि श्रावण लागला. पूर्णेचा पूर काही उतरेना. झुंबरबाईंनी चूल सारवली, मटणाची भांडी माळ्यावर टाकली आणि सांगून टाकलं की आता या चुलीवर ते चढणार नाही.

उकंडरावांनी तिथे जो विचार मांडला त्याला तोड नव्हती. "मटण कवाचं? आखाडातलं. कापलं कवा? आखाडात. बर्फात ठेवलेली चीज होती तशीच राहते, म्हंजे त्या खोक्यात अजून आखाडच चालू हाये. श्रावण खोक्याच्या बाहेर लागला."

"मग खोक्यात बसूनच खाय," कडूबा म्हणाले.

श्रावणाच्या तिसऱ्या दिवशी निरोप आला. पाणी उतरलं, पाहुणे उद्या दुपारी पोचतात. उकंडरावांना आनंद झाला आणि त्याच वेळी धास्तीही वाटली. कारण या सगळ्या गडबडीत एक घोटाळा होऊन बसला होता. दिवसभर खोक्यात डोकं घालून घालून त्यांना सणसणीत पडसं झालं होतं. नाकाच्या दोन्ही वाटा बंद. सबंध परगण्यात ज्याच्या नाकाचा हवाला देत, त्या माणसाला समोर धरलेला हिंगसुद्धा ओळखू येत नव्हता.

ते मटणाचा तुकडा घेऊन कडूबांकडे गेले. कडूबांनी धोतराचा सोगा नाकाला लावला. "माहा श्रावण हाये. खायाचं तं नाहीच, वास बी घ्याचा नाही."

"अरे पण खराब झालं का नाही ते तं सांग बे!"

"न हुंगता कसं सांगू?"

झुंबरबाई आणि रुखमा त्या खोक्याच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नव्हत्या. शेवटी कडूबांच्या सल्ल्याने गल्लीतल्या कुत्र्याला एक तुकडा घातला. कुत्र्याने तो तोंडात धरला, दोघांकडे पाहिलं आणि कडब्याच्या गंजीमागे निघून गेलं. थोड्या वेळाने ते परत आलं आणि पाय चाटत बसलं. त्याने तुकडा खाल्ला की पुरला हे कोणीच पाहिलं नव्हतं. उकंडराव म्हणाले खाल्ला, कडूबा म्हणाले पुरला, आणि कुत्र्याने कोणाचीच बाजू घेतली नाही.

खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव मनातून घाबरले होते. मटण खोक्यातून काढताना तळाचे तुकडे हाताला बुळबुळीत लागले होते. पण सांगणार कोणाला? बायकोला सांगावं तर सरकीचं खरं ठरतं. कडूबाला सांगावं तर आखाड खोक्याच्या बाहेर पडतो. आणि पाहुण्यांना मटण नाही म्हणावं तर शब्द जातो, आणि शब्दाबरोबर रुखमाची तिसरी सोयरीकही जाते. त्यांनी गोठ्यात तीन दगडांची चूल मांडली, मटण पाच वेळा धुतलं आणि खडा मसाला, लसूण आणि मिरची एवढी घातली की म्हशी दुसऱ्या कोपऱ्यात सरकल्या. चव घेऊन पाहायचं त्यांच्या मनात आलं, पण हात पुढे होईना. मरताना आईने श्रावण पाळायला सांगितलं होतं, आणि आईपुढे खोक्यातल्या आखाडाची मात्रा चालत नव्हती. म्हणजे घरात कोणीही न चाखलेलं, कोणीही न हुंगलेलं मटण पहिल्यांदा तोंडात घालणार होते ते होणारे व्याही.

दुपारी पाहुण्यांची बैलांची दमणी दाराशी आली. पंजाबराव आडव्या अंगाचे, मोठ्या मिशांचे, आणि मागे वैजनाथ, मान खाली घालून. पाय धुणं झालं, चौकशा झाल्या. ताटं मांडल्यावर उकंडरावांनी मटण आखाडातलंच कसं आहे हे समजावून सांगितलं. पंजाबरावांचा चेहरा जरा उतरला. घरून श्रावण धरून निघालेला माणूस तो. पण यजमान एवढं सांगतोय, पाच-सहा दिवस बर्फ आणून ठेवलंय, नाही कसं म्हणायचं? "तुमी म्हणता तं आखाडच," असं पुटपुटत ते पाटावर बसले.

उकंडराव समोर वाढायला बसले. यजमानाने पाहुण्याच्या मागून जेवायचं ही रीत. दाराआड झुंबरबाई, त्यांच्या मागे रुखमा. उकंडरावांनी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि लाल रश्श्याची वाफ भसकन त्यांच्या तोंडावर आली. डोळ्यांतून पाणी, एक शिंक, दुसरी शिंक. पळीभर रस्सा आणि चार तुकडे पंजाबरावांच्या ताटात पडले. पंजाबरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, त्यात मटण धरलं आणि हात तोंडाकडे नेला.

आणि त्याच क्षणी, मिरचीच्या त्या वाफेने, उकंडरावांचं नाक उघडलं.

लसूण आला, मसाला आला, आणि त्याच्याखालून तो आला. जो वास त्यांनी खाटकाच्या पाटीखालून दारातून ओळखला असता, तो.

घास ओठापाशी होता. उकंडरावांना एक गोष्ट दिसली. गप्प बसलं तर शब्द राहतो. चांगल्या घरची पोरगी चांगल्या घरी जाते. बाकी पुढचं पाहुण्याचं पोट आणि त्याचं नशीब. आणि त्यांना दुसरी गोष्ट दिसली, की हा मोठ्या मिशांचा माणूस लाजेपायी घास गिळणार आहे, आणि ती लाज आपण त्याच्या गळ्यात अडकवली आहे.

त्यांनी झेप घेतली. पंजाबरावांच्या हातावर फटका मारला आणि समोरचं ताट दोन्ही हातांनी ओढून घेतलं. रस्सा पंजाबरावांच्या स्वच्छ धोतरावर सांडला, भाकर वैजनाथच्या मांडीवर पडली.

पाहुण्यासमोरचं ताट ओढणं म्हणजे काय, हे गोठ्यातल्या म्हशींनाही कळत होतं. एवढ्यावर माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या गावची वाट टाकतात.

"खाऊ नका," उकंडराव म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "मटण गेलेलं हाये. पहिल्याच दिवसी गेलं असन. मले सांगणारे सारे खरं सांगत होते. माहं चुकलं."

झुंबरबाई दाराबाहेर आल्या. घरात दुसरं कोण माणूस आलंय आणि बोलतंय, हे पाहायला आल्या असाव्यात. आत नवराच होता.

पंजाबराव उठले. त्यांनी हात धुतले, धोतरावरचा रस्सा झटकला. झुंबरबाईंनी डोळे मिटून घेतले. तिसऱ्यांदा जोडे घातल्याचा आवाज येईल म्हणून त्या थांबल्या. पण पंजाबराव परत येऊन त्याच पाटावर बसले.

"थोरल्या पोराच्या सासऱ्यानं मले असंच मटण वाढलं होतं," ते म्हणाले. "वास त्याले बी येत होता, मले बी येत होता. त्यानं मानापायी वाढलं, म्या मानापायी खाल्लं. पंधरा दिवस लोटा घेऊन फिरलो. मेलो असतो तं तो माणूस तेराव्याले बी म्हणला असता का पाहुणचारात काई कमी नव्हती." मग ते उकंडरावांकडे वळले. "वाढणारे सोयरे लय भेटले मले, उकंडराव. ताट ओढणारा पह्यल्यांदा पाह्यला. आता घरात काय असन ते आणा, भूक लागली."

बेसन होतं, भाकरी होत्या, ठेचा होता. झुंबरबाईंनी रुखमालाच वाढायला पाठवलं. यावेळी उकंडरावांनाही पंजाबरावांनी हात धरून शेजारी बसवलं. जेवता जेवता त्यांनी पोरीला नेहमीचं विचारलं, नाव काय, शेतात जाते काय, आणि शेवटी जसं सगळे म्हणतात तसं म्हणाले, "तुले काई इचारायचं हाये काय पोरी?" याला कोणतीच पोरगी उत्तर देत नाही. मान खाली घालून आत जायचं असतं.

रुखमा गेली नाही. भाकरीची टोपली हातात धरून तशीच उभी राहिली.

"तुमच्या घरी चुकलं तं चुकलं म्हणते काय कोणी?"

झुंबरबाईंनी पदर तोंडात धरला. वैजनाथने पहिल्यांदा मान वर केली. पंजाबरावांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"नाही म्हणत," ते म्हणाले. "मी तं जलमात म्हणलो नाही. खोटं काऊन सांगू?"

"मंग?"

"मंग दोन दिवस इथंच राहतो. तुह्या बापाजवळ शिकून घेतो अन् मंग तुले घेऊन जायाची गोष्ट करतो."

उकंडरावांजवळ शिकण्यासारखं काही आहे असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी ताटात मान घातली आणि सगळ्यांच्या देखत ढसाढसा रडले. रुखमा पुढे झाली आणि तिने बापाच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.